आपले गाणे, आपलाच गळा: कळमनुरी परिसरातील कवी-गायक

कळमनुरी हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कयाधू आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील या भागात, ज्याने गाणे रचले त्यानेच ते चारचौघांत बसून म्हणायचे, ही रीत फार जुनी आहे. कीर्तन, जात्यावरची ओवी, मुशायरा, भीमगीतांची गायन पार्टी, ग्रामीण कवींचे कविसंमेलन अशी तिची रूपे काळाप्रमाणे पालटली. रचणारा आणि गाणारा एकच असणे आणि ऐकणारे त्याच्या समोर, ओळखीच्या अंतरावर असणे, हे तिचे दोन आधार मात्र कायम राहिले. गेल्या काही दशकांत हे दोन्ही आधार एकाच वेळी खिळखिळे झाले आहेत. या कलेची आजची स्थिती तपासायची तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

संत नामदेवांचे (१२७० ते १३५०) जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. त्यांचे गुरू विसोबा खेचर ज्या औंढा नागनाथाशी जोडले जातात तेही येथलेच, आणि जनाबाईंचे गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यात. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचे नाव येते. या नाममुद्रेकडे पुष्कळदा केवळ मालकीची खूण म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्ष कीर्तनात तिचे काम त्याहून मोठे असते. तोवर देवाशी किंवा जनांशी बोलणारा कवी त्या चरणात स्वतःला हाक मारतो आणि ऐकणाऱ्यांना साक्षीला घेतो. गाणारा बदलला तरी नाव गाण्याबरोबर चालत राहते. लेखणी-कागद ज्यांच्या हाती नव्हता अशांची नावे सातशे वर्षे टिकली, त्याला हे कारण मोठे आहे.

नाव न घेता रचणाऱ्यांचीही एक मोठी परंपरा येथे आहे आणि ती प्रामुख्याने स्त्रियांची आहे. जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसल्या की एकीने ओवी काढायची, दुसरीने ती उचलायची. याहून लहान मैफल दुसरी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सुरू केलेल्या संकलनामुळे महाराष्ट्रातील लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तीही मुलाने आणि नातलगाने वेळीच लिहून घेतली होती म्हणून. पिठाची गिरणी गावात आली आणि जाते थांबले, तसा ओवी जुळवण्याचा रोजचा प्रसंगही संपला. बाईच्या गाण्याला घराबाहेर दुसरी जागा मिळाली का, याचे उत्तर आजच्या कविसंमेलनाच्या व्यासपीठावर दिसते. कवयित्रींची संख्या वाढली आहे, पण स्वतःची चाल घेऊन गाणाऱ्या बाया तिथे अजून थोड्याच. बंजारा तांड्यांवर होळीला म्हटल्या जाणाऱ्या लेंगीसारख्या गाण्यांतही रचणाऱ्याचे नाव सहसा राहत नाही. गाणे साऱ्या तांड्याचे होऊन जाते.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि शाळेची भाषा उर्दू होती, आणि तिच्याबरोबर मुशायराही आला. औरंगाबादने वली, पुढे सिकंदर अली वज्द आणि बशर नवाज यांच्यासारखे शायर दिले. मुशायऱ्यात शेर दोन तऱ्हांनी सादर होतो: साध्या बोलीत, किंवा तरन्नुममध्ये, म्हणजे शायराने स्वतः लावलेल्या हलक्या चालीत. पहिली ओळ पुन्हा म्हणून ऐकणाऱ्याला दुसरीची वाट पाहायला लावणे, दाद मिळताच ती परत घेणे ही सारी तालीम मराठी कवींनी येथूनच उचलली. गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, येणारे शायराचे टोपणनाव आणि अभंगातली नाममुद्रा यांची येथे गाठ पडते. कळमनुरीसारख्या, मुस्लीम वस्ती बरीच असलेल्या गावांत या दोन्ही रीती एकाच कानाने ऐकल्या गेल्या. मराठवाड्यातील कवीला चालीत कविता म्हणण्याचा संकोच वाटत नाही, त्याचे मूळ बहुधा या दुहेरी संस्कारात असावे.

पुण्यात, मराठवाडा निजामाच्या राज्यात असतानाच, वेगळा प्रयोग झाला होता. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी दर रविवारी चहासाठी जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत. यशवंत आणि गिरीश आपल्या कविता गाऊन सादर करीत, आणि त्यांच्यामुळे काव्यगायनाला महाराष्ट्रभर लोकप्रियता मिळाली. ही लोकप्रियताच पुढे कवीच्या गळ्यावर उलटली. १९३०च्या दशकात ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गो. ना. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि भावगीताचे युग सुरू झाले. कवी मेहकरला, गायक दुसरीकडे, ऐकणारा तिसरीकडेच. शब्द, चाल आणि गळा ही तीन वेगळ्या माणसांची कामे ठरली. गाण्याची गुणवत्ता त्यामुळे वाढली हे मान्य करायलाच हवे, पण कवीने स्वतःच्या ओबडधोबड आवाजात म्हटलेल्या गाण्याकडे कच्चा माल म्हणून पाहण्याची सवयही तेव्हापासूनच लागली. बा. भ. बोरकर, सुरेश भट आणि ना. धों. महानोर यांनी ती आपापल्या परीने मोडली. महानोर (१९४२ ते २०२३) अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे शेतकरी. ‘रानातल्या कविता’ १९६७ मध्ये आली. ‘जैत रे जैत’ या १९७७ च्या चित्रपटातील त्यांची गाणी घरोघर पोचल्यावरही बैठकीत त्यांच्याच तोंडून ती ऐकण्याची ओढ लोकांना राहिली. चित्रपटात न मावलेली शेताची चाहूल त्या म्हणण्यात असे.

या परंपरेचे सर्वात भक्कम उदाहरण मात्र वामनदादा कर्डक यांचे आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत राबत असताना झाली. १९४३ पासून २००४ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी हजारो गीते रचली आणि महाराष्ट्रभर गावोगाव फिरून स्वतः गायली. त्यांच्या आधी, १९३०च्या दशकात, भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला होता. जलशाला पात्रे, संवाद आणि मोठा ताफा लागे. वामनदादांच्या काळात पेटी, ढोलकी आणि मागे टेक धरणारे दोघे-तिघे एवढ्यावर कार्यक्रम होऊ लागला. बुद्धविहाराचा ओटा किंवा समाजमंदिराची पडवी त्याला पुरे. साधन कमी झाले तसा शब्दावर भार वाढला.

वामनदादांच्या गाण्यांना अनेकदा लोकगीताची किंवा चित्रपटगीताची ओळखीची चाल असते. समीक्षकांनी यावर नाक मुरडले आहे. ज्या वस्तीत छापील पुस्तक पोचत नव्हते तिथे ओळखीची चाल हीच पाठांतराची सोय होती, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. रात्री ऐकलेले गाणे सकाळी शेतात म्हणता येणे, ही त्या रचनेची कसोटी होती आणि तिच्यावर ती उतरली. दुसरे असे की शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव नेमाने येते. नामदेवांची रीत आणि शायराचा मक्ता येथे पुन्हा, नव्या अर्थाने, भेटतात. ज्या समाजाचे नाव गावाच्या वहीत अपमानाने लिहिले जाई त्या समाजातला माणूस स्वतःचे नाव गाण्यात गुंफून शेकडो लोकांपुढे उच्चारतो, ही घटना साहित्याइतकीच सामाजिक आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळत असताना गायन पार्ट्यांनी लोकांना धीर दिला. त्या काळातली कित्येक गाणी आज गायली जातात, पण त्यांचे रचनाकार सांगता येत नाहीत.

ग्रामीण कवितेच्या अंगाने कळमनुरी तालुक्याचे नाव फ. मुं. शिंदे यांच्यामुळे मोठे झाले. तालुक्यातील रुपूर हे त्यांचे जन्मगाव. २०१४ मध्ये सासवड येथे भरलेल्या ८७व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. फ. मुं. गात नाहीत, बोलतात. आईवरची त्यांची कविता शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि व्यासपीठावरील त्यांची हजरजबाबी शैली प्रसिद्ध आहे. विनोदाने सभा हातात घेऊन मग अचानक गंभीर ओळीकडे वळण्याचे त्यांचे कसब असामान्य आहे. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी विनोद उचलला, वळण तेवढे सुटले.

जिल्ह्यातच वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांची वाट वेगळी. ‘पीकपाणी’, ‘आम्ही काबाडाचे धनी’, ‘दूर राहिला गाव’ या संग्रहांतील कविता ते ठेक्यात म्हणतात. तो ठेका कामाचा आहे. मोट, पेरणी, खुरपणी यांची लय ओळीच्या लांबीत उतरलेली असल्याने छापील पानावर साधी वाटणारी ओळ आवाजात चढते. त्यांच्या कवितेत शेतकरी बाईचे जगणे ओवीच्या वळणाने येते, म्हणजे जात्यावरून उठलेली लय निराळ्या गळ्यातून परतते. मराठवाडी बोलीला विनोदाच्या पलीकडे नेऊन तिच्यात दुःख आणि अभिमान दोन्ही सांगता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी वऱ्हाडीसाठी जे केले त्याच्या तोडीचे हे काम आहे.

आज गावोगाव कविसंमेलने होतात आणि संख्येने पाहिले तर ही कला भरभराटीत आहे. गुणांनी पाहिले तर चित्र तसे नाही. जयंती, यात्रा किंवा नेत्याच्या वाढदिवसानिमित्त भरणाऱ्या मोठ्या मंडपात प्रत्येक कवीला थोडी मिनिटे मिळतात. पहिल्या कडव्यालाच हशा किंवा टाळी आली नाही तर सूत्रसंचालक अस्वस्थ होतो. मग वात्रटिका, बायको-नवऱ्याचे विनोद आणि राजकीय टोमणे यांना भाव येतो. शेतकरी आत्महत्येवरची कविताही याच सपाट्यात साचेबंद झाली आहे: दोर, झाड, पोरकी लेकरे, आणि शेवटी चढलेला स्वर. ज्या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि हळद पिकवणारा माणूस हे सारे घरात भोगतो, त्याच्यापुढे साचा मांडणे हा त्याच्या दुःखाचा अपमान आहे. भीमगीतांच्या बाबतीत मोठ्या ध्वनिक्षेपकांनी तेच केले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ठोका ऐकू येतो, शब्द हरवतो, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत गाणे वाजू दिले जात नाही. नाममुद्रा असते ती नेमकी शेवटच्या कडव्यात.

लहान बैठकीचा फायदा काय, याचे एक परके पण बोलके उदाहरण अमेरिकेतील नॅशव्हिल येथे सापडते. तिथल्या ‘ब्लूबर्ड कॅफे’त जेमतेम नव्वद माणसे बसतात. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या जागेत ग्रामीण वळणाची गाणी लिहिणारे तिघे-चौघे मधोमध गोल करून बसतात, आळीपाळीने आपले गाणे म्हणतात आणि ते कसे सुचले ते सांगतात. यातली बरीच गाणी आधी नामवंत गायकांच्या आवाजात गाजलेली असतात; तिथे लोक ती लिहिणाऱ्याच्या तोंडून ऐकायला येतात. हिंगोली-परभणीकडे अशा बैठकीचे सारे घटक आहेत: रात्रीची जेवणे झाल्यावरचा पार, वाचनालयाची खोली, शिक्षक-कवींचे घरगुती वर्तुळ. भालेरावांसारखा कवी अशा ठिकाणी एक कविता म्हणण्याआधी तिच्यातला शब्द, बी किंवा अवजार समजावून सांगतो, कुणी म्हातारा त्यात भर घालतो आणि मग कविता सुरू होते. मंडपात हे शक्य नाही. नवी, अजून न वठलेली कविता तपासायलाही तीच जागा लागते, कारण तिथे गप्प राहणे हीसुद्धा दाद असू शकते.

मोबाइलने या बैठकीची जागा काही अंशी घेतली आहे. एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात यांच्यासारख्या कलावंत त्यामुळे महाराष्ट्राला कळल्या, हे मोठेच काम झाले. त्याच वाटेने गाणी बिननावाची होऊन फिरतात, हेही खरे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकाराचा स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) वाटा सुरक्षित केला. पण तो हाती पडायचा तर गाणे कुणाचे हे दाखवता यावे लागते, आणि गायन पार्टीतल्या रचनाकाराकडे बहुधा हाताने लिहिलेली एक वही असते, तीत चालीचा उल्लेख अमुक सिनेगीताप्रमाणे एवढाच. जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात गाणारीचे नाव, गाव आणि आवाज एकत्र ठेवले गेले. भीमगीते आणि कविसंमेलनातील गेय कविता यांच्यासाठी तालुक्याच्या पातळीवर हेच करता येण्यासारखे आहे: रचनाकाराच्या स्वतःच्या आवाजात पूर्ण गाणे, शेवटच्या कडव्यासह, आणि सोबत चाल कुठली, कोणत्या प्रसंगी रचले, मागे टेक कुणी धरली याची नोंद. नामांतराच्या काळात गाणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे, तेव्हा हे काम येत्या काही वर्षांतच व्हायला हवे.