शेळीचे दूध आणि व्रताचे शब्द

गांधीजींच्या शेळीची चेष्टा करणे कधीच अवघड नव्हते. दूध सोडण्याचे व्रत घेतले आणि मग शेळी पाळली, यात विनोद शोधण्यासाठी फार बुद्धी लागत नाही. अलीकडे या जुन्या विनोदाला नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. दूध, दही, तूप, मध, रेशीम, चामडे असे प्राण्यांकडून घेतलेले सारेच वर्ज्य मानणारी 'व्हीगन' मंडळी आता पुण्या-मुंबईत भेटतात. त्यांतले काही जण गांधीजींना आपले पूर्वज म्हणून पुढे करतात, आणि त्यांच्याशी वाद घालणारे लगेच शेळी पुढे करतात. दोन्ही बाजूंनी मूळ मजकूर नीट वाचलेला नसतो, असा माझा अनुभव आहे. 'सत्याचे प्रयोग'मध्ये दुधाविषयीचा मजकूर एका ठिकाणी नाही. तो तीन-चार प्रकरणांत विखुरला आहे, आणि ते तुकडे शेजारी ठेवून वाचले की एक वेगळीच गोष्ट दिसते. एका माणसाची श्रद्धा आणि त्याच श्रद्धेची त्याने दिलेली कारणे यांचे माप जुळत नाही, आणि हे त्याला स्वतःलाही जाणवते आहे.

आधी व्रताची हकिकत. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर १९१२ साली गांधीजी आणि त्यांचे वास्तुविशारद मित्र हरमन कॅलनबाख यांनी मिळून दूध सोडले. त्यामागची कारणे गांधीजी क्रमाने सांगतात. पहिले कारण रायचंदभाईंकडून आले: दुधाने विकार चेतवले जातात, म्हणून ब्रह्मचर्य पाळणाऱ्याने ते टाळावे. हे कारण कितीतरी वर्षे मनात होते, पण त्याने दूध सुटले नाही. मग कलकत्त्याहून आलेले काही साहित्य हाती पडले. गाई-म्हशींचे मालक त्यांचा कसा छळ करतात याचे त्यात वर्णन होते. ते वाचून गांधीजी हादरले, कॅलनबाखशी बोलले, आणि मग सोडूनच का देऊ नये, हा प्रश्न कॅलनबाख यांनी विचारला. दोघांनी तिथल्या तिथे शपथ घेतली.

इथे पहिली गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. संयमाचे कारण जुने, पण कृती घडली ती क्रौर्याच्या कारणाने. आणि क्रौर्याच्या कारणालाही शेवटचा धक्का दिला तो मित्राच्या एका साध्या प्रश्नाने. माणसे आपल्या आहाराविषयीच्या श्रद्धा सांगताना कारणांची एक सरळ ओळ मांडतात, पण प्रत्यक्षात ताट बदलते ते असे, कुणाच्या तरी बोलण्याने, एखाद्या दुपारी. आत्मकथेचा हा प्रामाणिकपणा आजच्या बऱ्याच व्हीगन कबुलीजबाबांत आढळत नाही. तिथे कारणे आधी येतात, माणूस नंतर.

पुढचा प्रसंग सर्वांना ठाऊक असलेला, पण अर्धाच ठाऊक असलेला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना गांधीजींना आमांश झाला आणि ते मरणाच्या दारापर्यंत गेले. उपचार करणाऱ्यांच्या रांगेत एक मराठी गृहस्थही होते. हे केळकर, बर्फाच्या उपचारावर गाढ विश्वास असलेले, आणि म्हणून 'बर्फाचे डॉक्टर' म्हणून ओळखले गेलेले. त्यांनी अंडी घेण्याचा आग्रह धरला. निर्जीव अंडी तपासून आणता येतील आणि ती दुधाइतकीच निरुपद्रवी आहेत, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी नकार दिला. पुढे हवापालटासाठी ते माथेरानला गेले, पण तिथले पाणी जड असल्याने आठवड्याच्या आतच खाली उतरावे लागले. मग शंकरलाल बँकर यांच्या आग्रहाने मुंबईचे डॉ. दलाल आले. दुधाशिवाय शरीर पुन्हा भरून येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. गांधीजींनी व्रताची अडचण सांगितली. डॉक्टरांनी विचारले, व्रत नेमके काय आहे? गांधीजींनी सगळा इतिहास सांगितला, विशेषतः फुंक्याचा. जनावराने अधिक दूध सोडावे म्हणून त्याच्या योनीमार्गात हवा किंवा एखादा पदार्थ घालण्याची ही अघोरी रीत तेव्हा गोठ्यांत चालत असे. (१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तिला स्वतंत्र कलमात गुन्हा ठरवले आहे.) खाटेपाशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी हे ऐकले आणि म्हटले, मग शेळीच्या दुधाला तुमची हरकत असायचे कारण नाही.

या वाक्याकडे आजवर संसारी बाईची चतुराई म्हणून पाहिले गेले. नवऱ्याला वाचवण्यासाठी बायकोने काढलेली पळवाट, असे. मला ते त्या प्रकरणातले सर्वांत नेमके वाचन वाटते. कस्तुरबांनी व्रताच्या शब्दांत फट शोधली नाही, त्यांनी व्रताचे कारण तपासले. फुंका गाई-म्हशींवर होतो, म्हणून दूध नको, असे नुकतेच सांगितले गेले होते. शेळीवर तो प्रकार होत नाही. म्हणजे सांगितलेले कारण खरे मानले, तर शेळीचे दूध घेताना व्रताचा आत्माही शाबूत राहतो.

पण गांधीजींना ते पटले नाही. दूध त्यांनी घेतले, आणि लगेच लिहिले की आपण व्रताच्या शब्दांना चिकटलो आणि आत्म्याचा बळी दिला. सत्याग्रहाचा लढा लढण्यासाठी जगण्याची ओढ लागली होती, म्हणून. शपथ घेताना डोळ्यांसमोर गाय-म्हैसच होती, पण तिच्यात सगळ्याच प्राण्यांचे दूध आले, हेही ते मान्य करतात. आणि त्याच ओघात आणखी एक कारण पुन्हा पुढे येते, जे डॉक्टरांनाही सांगितले होते: दूध हे माणसाचे स्वाभाविक अन्नच नाही, असे जोवर मानतो तोवर ते घेणे योग्य नाही.

म्हणजे कारणे तीन झाली. विकार, क्रौर्य, आणि अस्वाभाविकता. यांतले क्रौर्याचे कारण शेळीला लागू होत नव्हते. उरलेली दोन होत होती. गांधीजींनी डॉक्टरांना जे सांगितले ते खोटे नव्हते, पण कस्तुरबांच्या एका वाक्याने त्यातल्या फक्त क्रौर्याच्या कारणाला उत्तर मिळाले. त्या कृत्याची टोचणी अजून गेलेली नाही, असे ते कितीतरी वर्षांनी आत्मकथेत लिहितात. टीकाकार म्हणून मला इथे ढोंग दिसत नाही. ढोंगी माणूस बायकोचा तर्क स्वीकारून सुटला असता. तर्क त्याच्या बाजूचाच होता.

तरीही एका गोष्टीवर बोट ठेवायलाच हवे. या सगळ्या मजकुरात करडू कुठेही नाही. वासरू नाही, रेडकूही नाही. छळ आहे तो दुभत्या जनावराचा, दूध काढताना होणारा. दूध येण्यासाठी जनावर व्यावे लागते, व्यायलेल्यांतले अर्धे नर असतात, आणि त्या नरांचे पुढे काय होते, हा प्रश्न आत्मकथेच्या दुधाविषयीच्या मजकुरात विचारलेला नाही. शेळीच्या बाबतीत तर उत्तर प्रत्येक गावाला ठाऊक आहे: बोकड बाजारात जातो. शेळीला 'गरिबाची गाय' म्हणताना आपण तिच्या दुधाविषयी बोलतो, पण गरिबाच्या हातात पैसा येतो तो बहुतेक वेळा बोकड विकून. फुंका बंद झाला तरी हा हिशेब बदलत नाही. आजच्या व्हीगन भूमिकेचा कणा नेमका हा आहे, आणि म्हणून गांधीजींना तिचे थेट पूर्वज म्हणणे मला चुकीचे वाटते. त्यांचा आक्षेप दूध काढण्याच्या रीतीवर आणि पिणाऱ्याच्या शरीरमनावर होता, दुधाच्या अर्थव्यवहारावर नव्हता.

उलट, अर्थव्यवहाराकडे वळले तेव्हा ते विरुद्ध दिशेने गेले. १९४१ साली वर्ध्याला जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने गोसेवा संघ उभा राहिला. त्यामागचा विचार असा की गाय वाचायची तर ती परवडली पाहिजे. तिचे दूध-तूप लोकांनी आग्रहाने वापरले पाहिजे, आणि चामडे वापरायचे तर मेलेल्या जनावराचे. गाईचे दूध स्वतः न पिणारा माणूस इतरांनी ते प्यावे म्हणून झटत होता. यात विसंगती आहे का? आहे. पण ती शेतकऱ्याच्या बाजूने पाहिली तर समजते. भाकड गाय कोण पोसणार, या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय गोरक्षण बोलून उपयोग नाही, हे त्यांना कळत होते. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशी-रेडे मात्र त्यातून वगळले गेले. देशातल्या दुधाचा मोठा वाटा म्हशीचा, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत देश जगातल्या अग्रगण्यांत. या दोन गोष्टींचा संबंध चहाच्या कपापाशी बसून कुणी जोडत नाही. श्रावणातल्या उपवासाला मूग-मटकी चालत नाही आणि दूध चालते, ही आपली घरची व्यवस्था; वेष्टनावरचा हिरवा ठिपका तीच सरकारी भाषेत सांगतो. मांसाहारी पदार्थाच्या सरकारी व्याख्येत प्राणिज पदार्थ येतात, पण दूध आणि दुधाचे पदार्थ त्यातून मुद्दाम वगळलेले आहेत. व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह यायला २०२२ साल उजाडावे लागले.

ही वगळणूक गांधीजींनी मात्र कधीच मान्य केली नाही, आणि हा त्यांच्या लेखनातला मला सर्वांत धारदार वाटणारा भाग आहे. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरची एक छोटी पुस्तिका लिहिली, जी 'की टू हेल्थ' या इंग्रजी नावाने अधिक ओळखली जाते. तिच्यात ते दुधाला सरळ प्राणिज अन्नात बसवतात आणि शाकाहारात त्याला जागा नाही म्हणतात. दूध बऱ्याच अंशी मांसाचेच काम करते, असेही. आणि पुढे, ज्याला दूध चालते त्याने निर्जीव अंड्याला हरकत घेऊ नये. चोवीस वर्षांपूर्वी आजारपणात बर्फाच्या डॉक्टरांनी जो युक्तिवाद केला होता, तोच आता रुग्णाच्या लेखणीतून आला. फरक इतकाच की डॉक्टरांनी तो अंड्यांच्या बाजूने केला होता, आणि गांधीजी तो दुधाला त्याच्या पावित्र्याच्या आसनावरून उतरवण्यासाठी वापरतात. 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी लावून थाळीत श्रीखंड वाढणाऱ्या आपल्या संस्कृतीला हे वाक्य अजून पचलेले नाही.

दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी काढली. दूध-अंडी न घेणाऱ्यांना जुन्या शाकाहारी संस्थेने आपल्यात वेगळा विभाग करू दिला नाही, म्हणून. 'व्हेजिटेरियन' या शब्दाचे पहिले आणि शेवटचे टोक जोडून नवा शब्द तयार झाला. वॉटसन शिक्षक होता आणि महायुद्धात शस्त्र न धरणारा. गांधीजींनी ज्या लंडनमध्ये हेन्री सॉल्टचे पुस्तक वाचून जन्माने मिळालेला शाकाहार पुन्हा निवडून घेतला, आणि १९३१ साली ज्या लंडनमधल्या शाकाहारी मंडळींपुढे सॉल्टच्या उपस्थितीत शाकाहाराचा पाया आरोग्याचा नसून नीतीचा असला पाहिजे असे भाषण केले, त्याच परंपरेतून ही संस्था फुटून निघाली.

या संस्थेची आज प्रचलित असलेली व्याख्या गांधीजींच्या व्रताशेजारी ठेवून वाचावी. प्राण्यांचे शोषण आणि क्रौर्य वगळायचे, पण 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितके', अशी तिच्यात मुद्दाम घातलेली सवलत आहे. औषध, लस, गरिबी, तुरुंग, दूरचे गाव, या सगळ्यांना त्यात जागा आहे. गांधीजींच्या शपथेत अशी सवलत नव्हती. ती असती तर कस्तुरबांना काही बोलावे लागले नसते आणि टोचणीही राहिली नसती. व्याख्या म्हणून मला सोसायटीची भाषा शहाणी वाटते. पण सवलत आधीच लिहून ठेवली की ती वापरताना काही गमावले गेले, याची जाणीव हळूहळू बोथट होते. आपल्याकडे घरोघरी 'मी व्हीगन आहे, पण आजीने केलेल्या तुपातल्या बेसनाच्या लाडवापुरते नाही' असे हसत म्हणणारे तरुण भेटतात. त्यांच्याविषयी मला तक्रार नाही. आजीचा लाडू नाकारणे ही काही लहानसहान हिंसा नव्हे. फक्त तो लाडू खाल्ल्यावर ते काहीच लिहून ठेवत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी आत्मकथेत पाणीदार प्रामाणिकपणाने आली आहे. आपल्या लेखनावर विसंबून कुणी दूध सोडले असेल तर सर्व बाजूंनी फायदा दिसल्याशिवाय किंवा अनुभवी वैद्याच्या सल्ल्याशिवाय त्याने हट्ट धरू नये, असा इशारा गांधीजी देतात. स्वतःच्या श्रद्धेचा प्रचार करणारा माणूस सहसा असे लिहीत नाही. १९१२ नंतर ते कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल यांवर राहत होते. आज कुणालाही कळेल की अशा आहारात ब-१२ जीवनसत्त्व मिळणार नाही. पण ते वेगळे काढले गेले १९४८ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. १९४४ च्या वॉटसनलाही ते ठाऊक असणे शक्य नव्हते. आज त्याची गोळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. डॉ. दलालांच्या त्या खाटेजवळच्या संवादातला अर्धा पेच या एका गोळीने सुटला असता, असे म्हणायचा मोह होतो. पण खंगलेल्या, आमांशाने आतडी सोलवटलेल्या माणसाला त्या क्षणी हवे होते ते पचेल असे प्रथिन आणि स्निग्ध, आणि ते गोळीत मावत नाही.

म्हणूनच त्या इशाऱ्याला जोडून केलेली विनंती महत्त्वाची ठरते. दुधाइतके पौष्टिक आणि दुधाइतके पचायला हलके असे वनस्पतिजन्य अन्न कुणाला माहीत असेल तर कळवावे, असे ते वाचकांना सांगतात, आणि अट घालतात की ते वाचून नव्हे, स्वानुभवाने माहीत असावे. सोयाबीनचे, ओटचे, बदामाचे दूध आज दुकानात आहे; नारळाचे तर कोकणात कायमच होते, आणि त्याला दूध म्हणायला आपल्याला कुठल्याही नियमाची परवानगी लागली नाही. परंतु मराठीत व्हीगन आहारावर जे लिहिले जाते ते चाळताना मला पाककृती पुष्कळ सापडतात, युक्तिवादही सापडतात. दूध सोडून अमुक वर्षे झाली, मधे आजारी पडलो, तेव्हा अमुक खाल्ले, अमुक पचले नाही, तपासणीत अमुक कमी निघाले, आणि एकदा हार मानून अमुक घेतले, असा सरळ हिशेब क्वचितच दिसतो. गांधीजींनी मागितला होता तो हाच हिशेब.