कागदाची जाळी आणि लाकडाच्या कमानी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की हे पॅव्हिलियन प्रकरण एवढं मनावर का घ्यायचं? पाच महिने उभं राहणार, मग मोडणार. म्हणजे मांडवच की! आम्हाला मांडव म्हणण्यात कमीपणा वाटत नाही. उलट मांडवाला विचारावा तोच प्रश्न इथे विचारू: मोडल्यावर काय उरतं?

आज एकच वास्तू घेऊ. हानोव्हरच्या एक्स्पो २००० मधलं जपानचं पॅव्हिलियन. वास्तुरचनाकार शिगेरू बान, सल्लामसलत फ्राय ओट्टो यांची, रचनेची गणितं ब्यूरो हॅपोल्डची. जवळपास ७४ मीटर लांब, २५ मीटर रुंद, १६ मीटर उंच दालन, आणि त्याचं छत पुठ्ठ्याच्या नळ्यांचं! गिरणीत कापड ज्या नळीवर गुंडाळतात ना, तिचीच थोरली बहीण.

आता पुठ्ठा एवढा पल्ला पेलतो कसा? तुमच्या हातातला कार्यक्रमाचा कागद आडवा धरा. लगेच लोंबतो. त्याला मधून जरा वाक द्या, की ताठ उभा राहतो. ताकद कागदात आली नाही, आकारात आली. हानोव्हरचं छत असं दोन्ही दिशांनी लाटांसारखं वळलेलं होतं. आणि ते बांधायची रीत ओट्टोंच्या घरची. मानहाइमच्या सभागृहात, १९७५ साली, त्यांनी लाकडी पट्ट्यांची जाळी जमिनीवर सपाट मांडली आणि मग वर उचलली होती. इथे पट्ट्यांच्या जागी नळ्या.

उचलताना जाळीचे चौकोन तिरपे होतात, नळ्यांमधला कोन बदलतो. पक्का बोल्ट मारलेला सांधा तिथे अडून बसेल. म्हणून नळ्या जिथे एकमेकींवरून जातात तिथे त्या चक्क कापडी पट्ट्यांनी बांधल्या. परांची बांधणाऱ्याला यात नवल वाटणार नाही; काथ्याची गाठही थोडं सरकू देते आणि तरी धरून ठेवते. आमच्या मते या वास्तूतला सगळ्यात हुशार भाग हा सांधा आहे, आणि फोटोत तो धड दिसतही नाही. दुसरी गोष्ट पायाची. काँक्रीट न ओतता वाळू भरलेल्या पेट्या. काम झालं, वाळू काढली, संपलं.

इथवर सगळं गोड आहे. पण पॅव्हिलियनच्या आतले फोटो नीट पाहा. कागदी जाळीखाली लाकडाच्या शिडीसारख्या कमानी दिसतात. त्यांनी छताला ताठपणा दिला, वरचं आवरण बांधायला आणि दुरुस्तीला आधार दिला. मुख्य म्हणजे जर्मनीतल्या काटेकोर बांधकाम नियमांपुढे नुसत्या कागदाचा निभाव लागत नव्हता. आवरणाचंही तेच झालं. पुन्हा वापरता न येणारं पीव्हीसी टाळायचं म्हणून बान यांनी खास कागदी आवरण करवून घेतलं, आणि शेवटी आगीच्या नियमांपायी पीव्हीसीचा पडदा लावावाच लागला. म्हणजे जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप, तेच छताला येऊन चिकटलं.

पुस्तकांत मात्र मथळा ‘कागदाचं पॅव्हिलियन’ एवढाच. हे आम्हाला पटत नाही. कमानी झाकून कौतुक केलं, की प्रयोगातला खरा झगडाच झाकला जातो. बान यांनाही त्या तडजोडीची खंत होती. आम्ही मात्र परवानगी देणाऱ्यांना खलनायक ठरवणार नाही. त्या छताखालून रोज हजारो माणसं जाणार होती. ‘कागद आहे, पण टिकेल’ एवढ्यावर सही कोण करील? आमची तक्रार पडद्याबद्दल आहे, कमानींबद्दल नाही. कमानी उघड्या उभ्या होत्या, आपलं ओझं सांगत होत्या. पडदा मात्र कागदाच्या नावाखाली राहिला.

एक्स्पो संपलं, पॅव्हिलियन उतरवलं. लंडनच्या सर्पंटाइन गॅलरीची पॅव्हिलियन्स हंगाम संपला की बरीचशी विकली जातात. उरते ती वस्तू. इथे वस्तू उरली नाही. मग काय उरलं? ते पाहायला आपल्याला जर्मनीतून थेट गुजरातमध्ये यावं लागतं.

जानेवारी २००१ चा भूकंप. त्यानंतर भुजमध्ये बान यांनी कागदी नळ्यांच्या भिंतींची घरं बांधली. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर अशाच घरांच्या पायाला त्यांनी वाळूच्या पिशव्या भरलेले बिअरचे क्रेट वापरले होते. भुजमध्ये क्रेट मिळेनात. मग पडलेल्या इमारतींचा राडारोडाच पायात घातला आणि वर मातीची जमीन केली. छताला चिरलेल्या बांबूच्या कमानी, त्यांवर विणलेल्या चटया, मध्ये ताडपत्री. दोन्ही टोकांच्या चटयांना बारीक भोकं होती. त्यांतून वारा खेळायचा, त्यामुळे आत चूल पेटवता यायची, आणि धुरानं डासही पळायचे. कागदाच्या घरात चूल! आणि हानोव्हरला आगीच्या भीतीनं पडदा लावावा लागला होता.

ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावतो. आधी डावीकडचं पाहा, कमानी मोजा. मग प्रश्न घेऊ.