‘द बिग शॉर्ट’ आणि गरिबांवरील आळ

मायकेल लुईस यांच्या २०१० च्या ग्रंथावर आधारलेला अ‍ॅडम मॅके यांचा ‘द बिग शॉर्ट’ (२०१५) हा चित्रपट अमेरिकेतील २००८ च्या आर्थिक अरिष्टाची कथा सांगतो. अखेरीस निवेदक उपरोधाने म्हणतो, की या अनर्थाचे खापर स्थलांतरितांवर व गरिबांवर फोडण्यात आले. शिक्षकही त्यातून सुटले नाहीत. चित्रपटाचा नैतिक कळस तो हाच. परंतु एका विधानाने आळ धुऊन निघतो काय?

आळ असा, की १९७७ च्या ‘कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट अ‍ॅक्ट’ने बँकांना गरीब व कृष्णवर्णीय वस्त्यांत घरांसाठी कर्जे देण्यास भाग पाडले, ती बुडाली आणि देशही बुडाला. कायद्यानंतर तीस वर्षांनी अरिष्ट यावे, हा कार्यकारणभावच मुळी लंगडा आहे. सरकारी चौकशी आयोगाने २०११ च्या अहवालात बहुमताने नमूद केले, की चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी अवघ्या सहा टक्क्यांचा या कायद्याशी काही संबंध होता. उलट त्याच वर्षी ‘कंट्रीवाइड’ प्रकरणी ३३.५ कोटी डॉलरांची तडजोड झाली. न्यायखात्याचा आरोप असा होता, की दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक कर्जदारांना, तितकीच पत असलेल्या गोऱ्यांपेक्षा, अधिक आकार भरावा लागला किंवा महागड्या कर्जांकडे वळविण्यात आले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी!

हा कर्जदार चित्रपटात कोठे आहे? बाजार कोसळणार यावर पैज लावणाऱ्यांना येथे स्वभाव आहे, घरदार आहे, दुःख आहे. कर्जदारांपैकी मात्र लक्षात राहते ती पाच घरे घेऊन बसलेली नर्तिका. म्हणजे आळ घेणाऱ्यांना हवे असलेले पात्र! याला एक सन्मान्य अपवाद आहे. नियमाने भाडे भरणारा एक भाडेकरू आपल्याला भेटतो. त्याच्या घरमालकाने कर्ज काढले आहे ते कुत्र्याच्या नावावर. पुढे तोच भाडेकरू बायकामुलांसह गाडीत दिवस काढताना दिसतो. ही दोन लहानशी दृश्ये निवेदकाच्या उपरोधाहून अधिक बोलतात. तथापि तो भाडेकरू आहे, कर्जदार नव्हे. फसवल्या गेलेल्या कर्जदाराची जागा रिकामीच राहते.

आळ दीर्घायुषी ठरतो, कारण त्याच्यापाशी पात्र असते : हावरा, बेजबाबदार गरीब. खंडनापाशी बहुधा आकडेच असतात. ही उणीव भरून काढणे कलावंताच्याच हाती असते, आणि येथे तो ते अर्ध्यावर सोडतो. म्हणून हा चित्रपट विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा. मात्र तो संपल्यावर अध्यापकाने सहा टक्क्यांचा आकडा फळ्यावर लिहावा आणि विचारावे, की उरलेल्या चौऱ्याण्णवांची गोष्ट कोणी सांगितली?