पुण्याचे काम

'आजाऱ्याला भेटायला जाणे हे पुण्याचे काम,' असे आजीने म्हणताच आमच्या घरातील चार वर्षांच्या नातीने विचारले, "मग ते वसईत नाही का करता येत?" तिचे पप्पा कामानिमित्त वारंवार पुण्याला जात असतात. घरात हशा पिकला. वस्तुतः व्याकरणाच्या दृष्टीने बालिकेचे काहीच चुकले नव्हते. 'पुणे' आणि 'पुण्य' या दोन्ही शब्दांचे सामान्यरूप 'पुण्या' असेच होते. त्यांतील एकच शब्द तिला ठाऊक होता.

अशा बोलांना करमणूक न मानता बुद्धीचे कार्य मानणारा ग्रंथ म्हणजे रशियन बालसाहित्यिक कर्नेई चुकोव्स्की यांचा 'दोन ते पाच'. १९२८ साली तो 'लहान मुले' या नावाने निघाला, १९३३ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. मिरियम मॉर्टन यांचे इंग्रजी भाषांतर १९६३ चे आहे. मूल भाषा नुसती पाठ करीत नाही, तिचे नियम स्वतः शोधून काढते, हे त्यातील प्रमुख प्रतिपादन. आपल्याकडे त्याचा पडताळा सहज मिळतो. 'धरले' ऐकलेले मूल 'करले' म्हणते. मोठ्यांच्या तोंडून न ऐकलेला हा शब्द त्याने नियमाने घडविलेला असतो. अपवाद आहे तो आपल्या 'केले'चा!

तरीही या ग्रंथाविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. त्यातील पुष्कळशी सामग्री पालकांच्या पत्रांतून आली, आणि पालक कळवितात ते हसू आणणारे तेवढेच. शिवाय चुकोव्स्कींचे मूल मुख्यतः एकाच भाषेत वाढते. आपल्या कित्येक घरांत बोली निराळी, प्रार्थनेची मराठी निराळी आणि शाळेची इंग्रजी आणखी निराळी. याच नातीला गोव्याकडची पणजी कोकणीत "वच" म्हणाली, तेव्हा ती पुस्तक घेऊन आली. पणजीने तिला जायला सांगितले होते, तिने मराठीतले 'वाच' ऐकले. हा गोंधळ अज्ञानाचा कसा म्हणावा? दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहून तिने जवळची भाषा निवडली, इतकेच. या अंगाचा विचार ग्रंथात फारसा नाही.

मात्र एका बाबतीत चुकोव्स्की आपल्यापेक्षा कितीतरी शहाणे. मुलांच्या नवशब्दांवर त्यांचे अतोनात प्रेम. पण ते कौतुकाने जपून ठेवू नयेत, 'असे म्हणत नाहीत' हे मुलाला साधेपणाने सांगावे, असे ते बजावतात. आम्ही काय केले? पुण्याचा किस्सा प्रत्येक पाहुण्याला ऐकविला, तोही तिच्यादेखत. प्रस्तुत लेखक त्यात आघाडीवर होता.

परवा रोझरीनंतर बोलता बोलता आजीच्या तोंडी 'प्रायश्चित्त' हा शब्द आला. नात काही विचारणार असे वाटले. तिने आधी आम्हा सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि ती गप्प राहिली.