तूट कोणाची, बचत कोणाची?

आपल्याकडे भ्रष्टाचार हा नीतीचा प्रश्न मानला जातो आणि अर्थसंकल्पातील तूट हा तज्ज्ञांचा. या दोन्ही समजुती अभिजनांच्या सोयीच्या आहेत. पहिलीमुळे चोरी ही एखाद्याच्या चारित्र्याची बाब ठरते. दुसरीमुळे दलित माणूस हिशेबाच्या दाराबाहेरच राहतो. बाबासाहेब मात्र या दारातून शंभर वर्षांपूर्वीच आत शिरले होते.

ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जयंतीच्या व्यासपीठावर त्याचे नाव घेतले जाते. पाने उलटली जात नाहीत. १८३३ च्या सनदी कायद्याने पैशाची सत्ता मध्यवर्ती सरकारकडे गेली, खर्च मात्र प्रांत करीत राहिले. खर्च करणाऱ्यावर पैसा उभारण्याची जबाबदारी नव्हती. तूट केवळ पैशाच्या अभावातून येत नाही, जबाबदारीच्या अभावातूनही येते, हा या ग्रंथाचा मला दिसलेला गाभा. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाला संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले, ते याच विचाराचे पुढचे पाऊल होय.

भ्रष्टाचार तिजोरीला दोन्ही बाजूंनी पोखरतो. कर बुडतो आणि कामाची किंमत फुगते. विटो तांझी आणि हमीद दाऊदी या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये अनेक देशांचे आकडे तपासले. जिथे भ्रष्टाचार अधिक, तिथे नव्या बांधकामांवर खर्च अधिक; महसूल आणि देखभालीवरचा खर्च मात्र कमी, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. मोठ्या ठेक्यात टक्केवारी असते, शिक्षकाच्या पगारात नसते. महाराष्ट्राच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्चूनही ओलिताचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढल्याचे पुढे आले. आकड्यांच्या अर्थावर वाद झाला, २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. पण पैसा गेला आणि पाणी कुठे आहे, हा प्रश्न उरलाच.

तेव्हा भ्रष्टाचार आवरला तर तूट घटेल, हे खरे. पण तूट घटली म्हणजे भ्रष्टाचार आवरला, हे मात्र खरे नाही. इथेच प्रस्थापित अर्थविचार आपल्याला फसवतो. मी घरातला पहिला पदवीधर. शिष्यवृत्ती नसती तर हा लेख लिहिला गेला नसता. कांजूरमार्गच्या वस्त्यांतून माझ्या वर्गात येणारी मुले आज त्याच रकमेची वाट पाहतात. सरकारी हिशेब रोखीवर चालतो. थकलेले देणे त्या वर्षीच्या तुटीत दिसत नाही. न दिलेली शिष्यवृत्ती कागदावर बचत ठरते!

महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची अंदाजली होती. त्याच वर्षी मे महिन्यात लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५.७० कोटी वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. यात लाच घेतल्याचा आरोप कोणी केला नाही. सारे शासन निर्णयाने झाले. या योजनेत दलित बहिणीही आहेत, हे मला मान्य आहे. पण बहिणीला द्यायचे ते भावाच्या वह्यापुस्तकांतूनच का काढावे? ठेकेदाराच्या फुगलेल्या बिलातून का नाही?

म्हणून भ्रष्टाचारविरोध हा आपल्यासाठी सदाचाराचा उपदेश नाही, वाटणीचा प्रश्न आहे. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा इतरत्र वळवता येणार नाही, त्याचे परीक्षण जाहीर होईल, असा कायद्याचा पहारा हवा. आपल्या साहित्याने भूक लिहिली, अपमान लिहिला. ज्या रकान्यात ती भूक बचत म्हणून नोंदली जाते, तो रकाना वाचण्याचे काम आता आपल्यालाच करावे लागेल.