ईसरलाट आणि भाऊबंदकी : जयपूरच्या गृहयुद्धाची कथने

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारात, दुकानांच्या रांगेमागून एक अष्टकोनी मनोरा डोके वर काढतो. त्याला ईसरलाट म्हणतात. सरगासूली असेही त्याचे नाव आहे. सवाई ईश्वरीसिंगाने तो १७४९ साली उभारला, आणि राजमहलच्या विजयाचे ते स्मारक होय असे इतिहास सांगतो. लोककथा मात्र निराळेच सांगते. राजाचे मन सेनापती हरगोविंद नाटाणीच्या कन्येवर जडले होते, आणि तिचे दर्शन घडावे म्हणून त्याने हा मनोरा बांधविला, असे तिचे म्हणणे. एकाच वास्तूची ही दोन कारणे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. जो विजय दोन वर्षांतच निष्फळ ठरला, त्याचे स्मारक लोकांना पटेना. म्हणून त्यांनी त्या दगडांना दुसरे कारण दिले. गृहयुद्धाच्या साहित्याचा विचार करू लागणाऱ्याने हा मनोरा प्रथम पाहावा. युद्धे घडतात ती एकदाच. त्यांची कारणे मात्र पुनःपुन्हा रचली जातात.

१७४३ ते १७५१ या काळातील जयपूरच्या गृहयुद्धाविषयी संस्कृत, व्रज, राजस्थानी आणि मराठी अशा चार भाषांत लेखन उपलब्ध आहे. या लेखनातून कोणते कारण कसे सिद्ध होते, आणि वेगळे होण्याचा हक्क म्हणून आज जो प्रश्न मांडला जातो त्यावर त्याचा काय प्रकाश पडतो, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. मराठी वाचकाला हा विषय परका नाही. त्या युद्धात आपण प्रेक्षक नव्हतो. पंच होतो, आणि पंचाने घ्यावयाची दक्षिणा ठरविणारेही आपणच होतो.

घटनाक्रम थोडक्यात असा. १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाल्यावर बहादूरशहाने आंबेर जप्त केले आणि ते जयसिंगाचा धाकटा भाऊ विजयसिंग याला दिले. गेलेले राज्य परत मिळविण्यासाठी जयसिंगाने १७०८ मध्ये मेवाडच्या राण्याशी संधान बांधले आणि त्याच्या कन्येशी विवाह केला. या राजकन्येला पुत्र झाल्यास तो वयाने धाकटा असला तरी गादीचा वारस होईल, अशी अट त्या विवाहात होती. पुढे जयसिंगाचे राज्य स्थिरावले आणि १७२७ मध्ये जयपूर वसले. ईश्वरीसिंग हा दुसऱ्या राणीचा पुत्र आधीच जन्मला होता; मेवाडच्या कन्येचा पुत्र माधोसिंग १७२८ मध्ये जन्मला. सप्टेंबर १७४३ मध्ये जयसिंग वारला, ज्येष्ठ पुत्र गादीवर बसला, आणि मेवाडने जुना करार बाहेर काढला. १७४७ मध्ये बनास नदीकाठी राजमहल येथे ईश्वरीसिंगाला जय मिळाला. १७४८ च्या ऑगस्टात बगरू येथे, भर पावसात, कित्येक दिवस चाललेल्या लढाईत त्याला नमते घ्यावे लागले. डिसेंबर १७५० मध्ये होळकरांची फौज खंडणीसाठी राजधानीवर चालून आली, तेव्हा त्याने विष घेऊन आणि सर्पदंश करवून घेऊन जीवन संपविले. पुढल्याच महिन्यात माधोसिंग गादीवर आला. १० जानेवारी १७५१ रोजी शहर व देवळे पाहण्यासाठी आत आलेल्या मराठ्यांची जयपुरात कत्तल झाली. तीत सुमारे तीन हजार माणसे मारली गेल्याचे इतिहासकार नमूद करतात.

येथे पहिलीच लक्षणीय गोष्ट अशी की, एका भाऊबंदकीतून सुटण्यासाठी केलेल्या करारातच दुसऱ्या भाऊबंदकीचे बीज पडले. धाकट्या भावाने बळकावलेले राज्य परत मिळावे म्हणून जयसिंगाने धाकट्या पुत्राचा हक्क आगाऊ मान्य केला. हा विरोधाभास एखाद्या नाटककाराने योजिला असता तर तो कृत्रिम वाटला असता.

आता कथनांकडे वळू. श्रीकृष्णभट्ट कविकलानिधी यांचे 'ईश्वरविलास' हे संस्कृत महाकाव्य ईश्वरीसिंगाच्या आश्रयाने रचले गेले. जयसिंगाच्या अश्वमेधाचे वर्णन हा त्यातील महत्त्वाचा भाग असून कवीने तो यज्ञ स्वतः पाहिला होता. महाकाव्याच्या परंपरेप्रमाणे येथे राज्य म्हणजे यज्ञ, नगररचना आणि वंशकीर्ती. वारसाचा वाद या विश्वात मावतच नाही. ज्याच्या नावाचे काव्य तोच राजा, एवढे शीर्षकानेच ठरून जाते. मौन हेही एक प्रतिपादन असते, याचा हा उत्तम नमुना होय.

सूदन कवीचे 'सुजानचरित्र' व्रजभाषेत आहे. त्याचा नायक भरतपूरचा सूरजमल जाट. बगरूच्या रणात तो ईश्वरीसिंगाच्या बाजूने लढला. शस्त्रे, घोडे, वस्त्रे यांच्या याद्यांनी हे काव्य ठिकठिकाणी जड झाले आहे, आणि हिंदी समीक्षकांनी त्याबद्दल सूदनाला बोलही लाविला आहे. परंतु या याद्यांमागे एक दृष्टी आहे. सूदनाला युद्धाचे कारण शोधावयाचेच नाही. त्याच्या दृष्टीने युद्ध ही नायकाला मिळालेली संधी. ती कोणी आणि का निर्माण केली, हा प्रश्न त्याच्या काव्याच्या कक्षेबाहेरचा. जयपूरचे दोन भाऊ त्याच्यापुरते केवळ रंगभूमी पुरवितात.

बुंदीच्या सूर्यमल्ल मिश्रणाचा 'वंशभास्कर' ही या सर्वांहून मोठ्या आवाक्याची कृती. घटनेनंतर शतकभराने, १८४० पासून, बुंदीचे महाराव रामसिंग यांच्या आज्ञेवरून ती रचली जाऊ लागली. संस्कृत, प्राकृत, पिंगळ, डिंगळ अशा अनेक भाषांचे मिश्रण तीत आहे. आश्रयदात्याचे दोष झाकण्याचे नाकारल्यामुळे कवीने ती अर्धवट सोडली अशी परंपरा आहे, आणि दत्तक पुत्र मुरारीदान याने ती पुरी केली. या ग्रंथाला जयपूरच्या युद्धाचे मूळ दिसते ते बुंदीत. जयसिंगाने आपल्याच बहिणीचा पती बुधसिंग याला बुंदीच्या गादीवरून काढले आणि तेथे दलेलसिंगाला बसविले. त्या बहिणीने मल्हारराव होळकरांना राखी पाठवून बोलावले, आणि १७३४ मध्ये मराठे बुंदीवर आले. त्याच वर्षी मराठ्यांविरुद्ध एकी करण्यासाठी राजपूत राजांची परिषद हुरडा येथे भरली, आणि तिचा एक प्रमुख सूत्रधार जयसिंगच होता. दुसऱ्याच्या घरातील वारसा मोडणाऱ्याच्या घरात पुढे वारशाचेच युद्ध व्हावे, हा न्याय सूर्यमल्लाच्या रचनेतून आपोआप उमटतो. तो बुंदीचा कवी आहे, हे विसरून चालणार नाही; पण पक्षपाती कवीलाही कधी कधी कार्यकारणाचा खरा धागा सापडतो. बगरूला उमेदसिंगाच्या विरुद्ध बाजूने लढलेल्या सूरजमलाच्या शौर्याची स्तुती त्याने मोकळ्या मनाने केली आहे, यातच त्याच्या वाङ्मयीन प्रामाणिकपणाची साक्ष मिळते.

मराठी लेखन या तिन्हींहून सर्वस्वी भिन्न आहे, कारण ते काव्य नाही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दप्तरातील निवडीत आणि राजवाड्यांच्या 'साधनां'त जे आढळते ते पत्रव्यवहाराचे गद्य होय : नेटके, घाईचे, रकमांनी भरलेले. या गद्याची वाङ्मयीन थोरवी मी नाकारीत नाही. प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याची त्याची शक्ती अनेक बखरकारांना हेवा वाटावा अशी आहे. परंतु त्यात कारणाची जागा हिशेबाने घेतलेली असते. होळकर माधोसिंगाच्या बाजूला, शिंद्यांकडील रामचंद्रबाबा ईश्वरीसिंगाच्या बाजूला. मध्ये कर्जाने पिडलेले नानासाहेब पेशवे. १७४८ मध्ये पेशवे स्वतः निवाईपर्यंत आले आणि टोंक, टोडा, मालपुरा, निवाई हे परगणे माधोसिंगाला देववावे असा निवाडा ठरला. निवाडा वाईट होता असे नाही. पण जो निवाडा करील त्यानेच दोन्ही पक्षांकडून द्रव्य घ्यावे आणि तो मोडला की पुन्हा घ्यावे, अशा न्यायासनासमोर कोणताही तंटा मिटणे शक्य नव्हते. तंटा चालू राहण्यातच न्यायाधीशाचा लाभ होता.

म्हणूनच १७५१ च्या कत्तलीचे आपल्या इतिहासलेखनातील वर्णन मला अपुरे वाटते. निःशस्त्र, बेसावध माणसे मारली गेली, ही गोष्ट निंद्यच आहे, आणि तिला कोणताही युक्तिवाद धुऊन काढू शकत नाही. पण आपली कथा बहुधा त्या दिवशीच सुरू होते आणि 'दगा' या शब्दाशी थांबते. काही आठवड्यांपूर्वी याच शहरात राजाचे प्रेत पडले होते, आणि ते पडले ते आपल्या खंडणीच्या तगाद्याने, हे तीत आले तरी तळटीपेसारखे येते. उलट, सर जदुनाथ सरकारांनी 'फॉल ऑफ द मुघल एम्पायर' या ग्रंथात याच मराठी पत्रांचा आधार घेतला आणि दोन्ही मृत्यू एकाच साखळीत गुंफले. आपली कागदपत्रे आपल्यापेक्षा परक्याने अधिक निर्भयपणे वाचली, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. त्या साखळीची पुढली कडी तर आपल्या परिचयाची आहेच : १७६१ मध्ये पानिपतावर मराठे एकटे उभे होते, आणि जयपूर दूर राहिले होते.

तर मग युद्धाचे कारण कोणते? करार, ज्येष्ठत्व, बुंदी आणि खंडणी ही चारही उत्तरे खरी आहेत. मात्र ती एकाच पातळीवरची नाहीत. वारसाहक्क हे निमित्त. दिल्लीच्या बादशहाची मान्यता पोकळ झाल्यामुळे शेवटचा शब्द कोणाचा हे न ठरणे, ही परिस्थिती. आणि त्या पोकळीत शिरलेला विकाऊ मध्यस्थ, हे तिला पेटविणारे इंधन. प्रत्येक कथनाने यांपैकी एक उचलले आणि तेच संपूर्ण कारण म्हणून सांगितले. टीकाकाराने विचारावयाचा प्रश्न इतकाच, की ही कथा कोणत्या तारखेपासून सुरू होते, आणि त्याआधीची तारीख कोणाला अडचणीची आहे.

आता हक्काचा प्रश्न. माधोसिंगाचा दावा आरंभी संपूर्ण गादीवर होता. निवाईच्या निवाड्यात तो वेगळ्या वाट्यावर आला. जुन्या राज्यव्यवस्थेत असे वेगळे होणे अनैसर्गिक मानले जात नसे. धन्याशी पटले नाही तर सरदाराने त्याची चाकरी सोडावी, हा एक रूढ उपाय होता. पुढे जयपूरच्याच घराण्यातील नरूका शाखेच्या प्रतापसिंगाने तेच केले. १७७५ मध्ये अलवरचा किल्ला घेऊन त्याने स्वतंत्र राज्य स्थापिले. जेथे राज्य व्यक्तीच्या निष्ठेवर उभे असते, तेथे प्रत्येक राजाच्या मृत्यूबरोबर करार नव्याने करावा लागतो आणि प्रत्येक दुखावलेल्या भावाजवळ बाहेर पडण्याची वाट असते. त्या करारात प्रजा मात्र कोठेच नसते. १७०८ च्या अटीविषयी आंबेरच्या एकाही रयतेला कोणी विचारले नव्हते.

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या युद्धातही हाच प्रश्न करार या शब्दावर येऊन ठेपला होता. राज्यांनी संघ करारानेच घडविला असेल तर तो मोडण्याचा हक्कही त्यांचाच, असे दक्षिणेचे म्हणणे. पण बाहेर पडताना त्यांतील कित्येक राज्यांनी काढलेल्या जाहीरनाम्यांत गुलामगिरीचे रक्षण हेच कारण उघड शब्दांत लिहिले होते. पराभवानंतरच्या लेखनात ते कारण मागे सरले आणि राज्यांचे हक्क पुढे आले. येथेही कथेचा प्रारंभ बदलला गेला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या युद्धाचा नेमका उल्लेख केला. भारतीय संघ हा घटकांच्या करारातून निर्माण झालेला नाही, म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही, आणि अमेरिकेला जे युद्ध करून ठरवावे लागले ते आपण आरंभीच स्पष्ट करीत आहोत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ३० मार्च १९४९ रोजी, याच जयपुरात सरदार पटेलांच्या हस्ते बृहद् राजस्थानचे उद्घाटन झाले. जयपूर, उदयपूर, बुंदी आणि जोधपूर एका राज्यात आली. मेवाडच्या कन्येचा आणि आंबेरच्या ज्येष्ठाचा वाद ज्या भूमीवर पेटला होता, ती भूमीच एक झाली.

दार बंद केले की प्रश्न मिटतो, असा याचा अर्थ नव्हे. बाहेर जाण्याचा हक्क ज्याला नाही, त्याचे गाऱ्हाणे घरात ऐकले जाण्याचा हक्क दुप्पट होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने हा भेद जाणला होता. तिने राज्य वेगळे मागितले, राष्ट्र नव्हे; आणि १ मे १९६० रोजी जे घडले ते घटनेने ठेवलेल्या वाटेनेच घडले. त्या वाटेवरही रक्त सांडले, आणि सीमाभागाचा प्रश्न अद्याप न्यायालयात पडून आहे, हे खरे. पण त्या तंट्यातील न्यायासन खंडणी घेत नाही, हा १७४८ आणि आजचा मूलभूत फरक आहे. तो फरक जोवर टिकतो तोवरच फुटून निघण्याचा हक्क नाकारण्याला नैतिक आधार राहतो.

मराठी इतिहासलेखनाकडून म्हणूनच एक अपेक्षा करावीशी वाटते. जयपूरचे प्रकरण लिहिताना त्याने १० जानेवारीपासून नव्हे, निदान निवाईपासून तरी आरंभ करावा. आणि शक्य झाल्यास बुंदीच्या त्या राखीपासून. ईसरलाटीवर चढून पाहणाऱ्याला आजही सारे शहर दिसते. आपल्या लेखकांना त्या उंचीवरून आपली छावणीही दिसली पाहिजे.