'प्रथम'ची कक्षा आणि अलिबागची जागा

स्टुडंट सॅटेलाइटवरचं बरंचसं लिखाण वजन, सोलर पॅनेल आणि लाँचचा व्हिडिओ यांतच संपतं. कक्षा एका ओळीत उरकतात. आयआयटी मुंबईच्या 'प्रथम'बद्दल वाचताना मी त्याच ओळीवर अडतो.

'प्रथम' साधारण १० किलोचा. २६ सप्टेंबर २०१६ ला पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला. काम काय, तर आयनोस्फिअरमधले इलेक्ट्रॉन मोजणं. उपग्रह दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल सोडतो, वाटेत त्यांचं पोलरायझेशन फिरतं, आणि किती फिरलं ते जमिनीवर मोजायचं. म्हणजे अर्धं उपकरण जमिनीवरच! कल्पना खरंच सुंदर आहे, आणि परवडणारीही.

पण रॉकेट मुख्यतः स्कॅटसॅट-१ साठी होतं. लहान उपग्रहाला मिळेल त्या गाडीने जावं लागतं. याला मिळाली सातशे किलोमीटरच्या जरा खालची सूर्यसमकालिक कक्षा. अशा कक्षेतला उपग्रह मुंबईवरून रोज जवळपास ठरलेल्या वेळांनाच जातो, सकाळी आणि मग बारा तासांनी रात्री. दिवसाला चार-पाच फेऱ्या, प्रत्येक जेमतेम दहाएक मिनिटांची. आता बघा, इलेक्ट्रॉन पहाटे सगळ्यात कमी असतात आणि दुपारी दोनच्या आसपास सगळ्यात जास्त. हा चढउतार 'प्रथम'ला दिसणारच नाही, कितीही महिने चालवा.

याउलट उदाहरण मुंबईसमोरच, रायगडच्या किनाऱ्यावर आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम मोजमाप घेतलं. तिथे प्रश्नासाठी जागा बदलली. अर्थात अलिबागला चोवीस तास दिसतात, पण एकाच ठिकाणचे.

'प्रथम'ला जागा बदलता येत नव्हती, तर प्रश्न बदलायचा होता. इतर कॉलेजांतही ग्राउंड स्टेशनं उभारायची त्यांची योजना मला म्हणूनच उपग्रहापेक्षा मोलाची वाटते. दक्षिणोत्तर पसरलेली स्टेशनं एकाच फेरीत ऐकत असतील, तर त्या दहा मिनिटांत अक्षांशानुसार इलेक्ट्रॉन कसे बदलतात ते कळतं. आणि रोज तीच वेळ असल्यामुळे कालच्या सकाळची आजच्या सकाळशी तुलना सरळ होते. प्रपोजलमध्ये 'आयनोस्फिअरचा अभ्यास' असं मोघम लिहिण्याऐवजी हे लिहा, आणि स्टेशनांची यादी कक्षेच्याच पानावर द्या.